पांढरी माशी: औषध मारून आठवडा होत नाही तोवर परत का येते?

"अण्णा, परवाच पंप मारलाय की! आता झाडाला हात लावून बघा, पिठाच्या गिरणीत उडतंय तसं उडतंय."

सप्टेंबर-ऑक्टोबरात निपाणीपासून संकेश्वरपर्यंत आणि बेळगावच्या भाजीपट्ट्यात हे वाक्य कुठल्याही बांधावर ऐकू येतं. मीही ते बोललोय. वीस गुंठे टोमॅटो होता, चाळीस दिवसांत सात फवारण्या केल्या, तरी निम्मी झाडं बोकड्या होऊन, म्हणजे पानं मुरडून खुजी होऊन, बसली. दुकानदारानं दर वेळी नवी बाटली दिली. नंतर घरी रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडून लेबलं वाचली, तेव्हा कळलं की तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत औषध एकच होतं. कळलं ते पीक गेल्यावर.

त्या वर्षी माझा प्रश्नच चुकीचा होता. "माझ्या टोमॅटोवर माशी किती?" एवढंच मी बघत होतो. माशी वाढत होती शेजारच्या वांग्यात आणि पलीकडच्या रताळ्यात, माझ्याकडे ती फक्त येऊन बसत होती. कुठलं पीक माशीला पोसतं आणि कुठलं पीक माशीमुळे मरतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एवढं डोक्यात बसलं की निम्मा घोळ सुटतो.

आधी खात्री करा, ही तीच माशी आहे का

नाव माशी असलं तरी ही घरमाशीच्या जातीतली नाही. मावा, तुडतुडे यांच्या गोतावळ्यातली, सोंड खुपसून रस पिणारी कीड आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांब, पिवळसर अंग, वर पांढरी मेणट पूड. पान अलगद उलटं करा. खालच्या बाजूला पांढरे ठिपके बसलेले दिसतील आणि नीट पाहिलं तर पानाला चिकटलेली चपटी, फिकट पिवळी पिल्लं दिसतील. ही पिल्लं हलत नाहीत. फक्त अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही तास सरपटतं, जागा धरतं आणि मग प्रौढ होईपर्यंत तिथेच राहतं.

उसावर दिसणारी पांढरी माशी मात्र वेगळ्या जातीची. चिकोडी, रायबाग, अथणीकडे खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या उसात) ती दिसली की लोक घाबरून शेजारच्या मिरचीवर औषध मारतात. त्याचा उपयोग नाही. उसाच्या माशीची पिल्लं काळी, लंबगोल, कडेला पांढरी मेणाची झालर असलेली असतात. ती मिरची-टोमॅटोवर जात नाही आणि भाजीपाल्याची माशी उसावर संसार थाटत नाही. उसावरची ही माशी म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची आणि खताची तक्रार असते. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा, पुराचं पाणी बसलेला, नत्र कमी पडलेला खोडवा तिला फार आवडतो. चर काढून पाणी बाहेर घाला, खालची माशी भरलेली पानं काढून नष्ट करा, खोडव्याला नत्राचा हप्ता चुकवू नका. आधी हे करून बघा. उंच उसात फवारणी करणं म्हणजे पैसा आणि औषध दोन्ही हवेत सोडणं. आणखी एक, २००२ साली सांगलीकडून आलेला लोकरी मावा अजून लोकांच्या लक्षात आहे, म्हणून उसावर पांढरं काहीही दिसलं की "लोकरी" म्हणतात. लोकरी मावा बोटानं पुसला की कापसासारखा निघतो आणि खाली किडीची गर्दी दिसते.

नारळ-पेरूच्या पानाखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी दिसते तीही वेगळ्या जातीची. इथं तिचा विचार नको.

कुठल्या पिकाला किती धोका

आता मुख्य मुद्दा. तंबाखू, मिरची, टोमॅटो, सोयाबीन या सगळ्यांवर येते ती एकच जात. जगभरात सहाशेहून जास्त वनस्पतींवर ती नोंदलेली आहे. आमच्या भागाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव तंबाखूवरून पडलंय. १८८९ साली ग्रीसमध्ये तंबाखूच्या पानावर सापडलेल्या किडीवरून तिचं पहिलं वर्णन झालं. अमेरिकेत मात्र तिला रताळ्याची माशी म्हणतात. तंबाखू आणि रताळी, दोन्ही आपल्याच जिल्ह्याची पिकं!

ती दोन प्रकारे नुकसान करते. एक, रस पिते आणि गोड चिकटा टाकते, त्यावर काळी बुरशी धरते. यासाठी माश्या भरपूर लागतात. दुसरं, विषाणू पसरवते. यासाठी मोजक्या माश्या पुरतात. रोगट झाडावर थोडा वेळ रस प्यायली की विषाणू तिच्या पोटात जातो, काही तासांनी ती रोग द्यायला लायक होते आणि पुढे कित्येक दिवस झाडामागून झाड बाधित करत जाते. म्हणून "पानाला किती माश्या" याचा एकच आकडा सगळ्या पिकांना लावता येत नाही.

टोमॅटो. सगळ्यात नाजूक. पानं वर-आत मुरडतात, कडा पिवळ्या पडतात, पेरं आखूड होतात, झाड झुडपासारखं थांबतं. यालाच आपण बोकड्या म्हणतो. लावणीनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत रोग आला तर त्या झाडाकडून फळाची आशा धरू नये. इथं "माशी दिसली की फवारू" हा हिशेब उशिराचा ठरतो, कारण माशी मरायच्या आधीच काम करून गेलेली असते. १९९९ मध्ये आपल्याच राज्यात, कर्नाटकात, कोलारकडच्या टोमॅटोत परदेशातून आलेला या माशीचा एक जास्त उपद्रवी प्रकार भारतात पहिल्यांदा सापडला आणि तिथं बोकड्यानं मोठं नुकसान केलं.

मिरची. संकेश्वरी असो की संकरित, चुरडा-मुरडा आला की सगळा दोष माशीवर जातो. इथं थांबून बघावं लागतं. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पान खाली वळून उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला असेल तर कोळी. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ, पेरं आखूड, झाड खुजं असेल तर माशीनं आणलेला विषाणू. फुलकिड्यांचं आणि कोळ्याचं औषध वेगळं, आणि विषाणूला तर औषधच नाही. मी पाहिलेल्या दहा "माशीच्या" मिरच्यांपैकी निम्म्याहून जास्त कोळी-फुलकिड्याच्या होत्या. बऱ्याच वेळा तिन्ही एकत्र असतात, ते वेगळंच दुखणं.

भेंडी. शिरा पिवळ्या पडून सगळं पान हळदीसारखं होतं, फळं फिकट आणि वाकडी. विषाणूच्या बाबतीत टोमॅटोच्या जोडीला बसवा. उन्हाळी आणि उशिराच्या भेंडीत जास्त. प्रतिकारक म्हणून आलेली जुनी वाणं आता तितकी टिकत नाहीत, त्यामुळे बी घेताना नावापेक्षा आपल्या भागात गेल्या हंगामात ते कसं राहिलं हे विचारा.

उडीद, मूग, सोयाबीन. पिवळा मोझॅक, आपल्याकडे केवडा. उडीद-मूग जास्त हळवे, सोयाबीन त्याखालोखाल. सोयाबीनमध्ये वाणाचा फरक मोठा. जेएस ३३५ हे जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं वाण केवड्याला लवकर बळी पडतं. आणखी एक फरक जागेचा. खानापूर-जांबोटीकडे जून-जुलैत झड लागलेली असते, जोराच्या पावसात माशी धुऊन जाते, वाढायला सवड मिळत नाही. तेच सोयाबीन अथणी-गोकाककडे, पावसाची उघडीप आणि ऊन मिळालं की पिवळं दिसायला लागतं. त्यामुळे खानापूरच्या पाहुण्यानं "आम्ही तर काहीच मारत नाही" म्हटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. आणि बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन, उन्हाळी मूग घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तो तुकडा पावसाळी पेरणीपर्यंत माशीला आणि विषाणूला सांभाळून ठेवतो.

तंबाखू. निपाणी भागात तंबाखूचं पान हेच पीक, त्यामुळे पानाचा डाग म्हणजे पैशाचा डाग. माशीनं आणलेल्या रोगात पान जाड, ठिसूळ, सुरकुतलेलं होतं, खालच्या बाजूच्या शिरा फुगतात. असं पान वाळवून त्याला भाव येत नाही. लागण बहुतेक वेळा तरूतच, म्हणजे रोपवाटिकेतच, झालेली असते आणि शेतात गेल्यावर दिसते. दुसरी चूक हंगामाच्या शेवटी होते. पान काढून झालं, धाटं तशीच उभी, त्यांना फुटवे येतात, कोवळी पानं येतात आणि उन्हाळाभर माशीचा मुक्काम. पान उतरलं की धाटं बुडख्यासकट काढा. सरपण म्हणून बांधावर रचून ठेवायची असतील तर वाळलेली ठेवा, हिरवे फुटवे नकोत.

वांगी. हे पीक ओळखलं तर अर्धं कोडं सुटतं. वांग्याचं पान मोठं, लवदार, मऊ. माशीला यासारखा पाळणा नाही. पानामागे दाटीवाटीनं माश्या असतात आणि तरी झाड फळं देत राहतं, कारण टोमॅटोसारखा बोकड्या त्याला सहसा होत नाही. मालकाला वाटतं, "आमच्या वांग्याला काय झालंय?" झालेलं असतं शेजारच्या टोमॅटोला. माझ्या वीस गुंठ्यांचं असंच झालं. वांग्याची बाग जुनी, तोडे संपत आलेले, कुणी लक्ष देत नव्हतं. शेजारच्या काकांनी ती उपटली आणि सगळी माशी उठून माझ्यात आली. त्यांनी सकाळी उपटली, मला संध्याकाळी कळलं.

रताळी. बेळगाव-खानापूरकडे रताळ्याचे वेल जमिनीवर गालिच्यासारखे पसरतात. त्याखाली औषध पोहोचत नाही, सावली असते, ओल असते. रताळ्याचं स्वतःचं नुकसान फारसं दिसत नाही, म्हणून कुणी बघतही नाही. मिरची-टोमॅटोला खेटून रताळी लावणं मी सोडलंय.

कापूस. अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलकडे. इथं माशी भरपूर झाली तर चिकटा, काळी पानं, बोंडातला कापूस चिकट. २०१५ मध्ये पंजाबात कापसाची जी वाट लागली ती याच माशीनं. तिकडं पान मुरडणारा विषाणूही आहे. आपल्याकडं कापसावर मुख्य त्रास रस पिण्याचा. "बीटी आहे, मग माशी कशी?" असं अजूनही विचारतात. बीटीचं विष बोंडअळ्यांसाठी आहे. रस पिणाऱ्या किडीला त्यानं काही होत नाही. कापसात मात्र मोजून फवारणं परवडतं. पंजाबच्या कृषी विद्यापीठाचा हिशेब असा: सकाळी दहाच्या आत, वरच्या पानांवर, पानामागे सरासरी सहा प्रौढ भरले की फवारणी. त्याआधी नाही.

घेवडा, बटाटा, भुईमूग यांवर माशी बसते, पण एवढ्यासाठी झोप उडवायचं कारण नाही. तुरीची पानं बारीक-पिवळी होऊन फुलंच न येणं हा वांझ रोग आहे. तो सूक्ष्म कोळी पसरवतो, माशीच्या औषधानं थांबत नाही.

भात, मका, जोंधळा. यांच्यावर ही माशी संसार करत नाही. येळ्ळूरच्या भातात पांढरं उडताना दिसलं तर ते तुडतुडे किंवा पतंग असतील. मका-जोंधळ्याचा उलट उपयोग आहे, तो पुढे येतो.

मग फवारणी फुकट का जाते

अंड्यापासून माशी व्हायला आपल्या ऑक्टोबरच्या हवेत साधारण तीन आठवडे, थंडीत महिन्याच्या वर. एका वेळी शेतात अंडी, पिल्लं, कोष, प्रौढ सगळं असतं. आपण जे मारतो त्यात बहुधा उडणारे प्रौढ मरतात. दोन दिवस शेत स्वच्छ दिसतं, मग चिकटून बसलेल्या पिल्लांमधून नवी फळी निघते, आणि वर शेजारून येणारी वेगळी. आठवड्यात परत दिसते ती "औषधाला न मेलेली" माशी असेलच असं नाही. बऱ्याच वेळा ती त्या दिवशी माशी झालेलीच नव्हती.

दुसरं कारण नोझल. आपण वरून भिजवतो, माशी खाली. चार्जिंग पंपाचा दांडा पिकात खाली घालून नोझल वर तोंड करून फिरवा. एका पंपात जितकं क्षेत्र उरकतं त्याहून जास्त उरकायचा हट्ट नको. आणि औषध "एका पंपाला एक टोपण" या मापानं घालणं बंद करा, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं.

तिसरं, स्वस्त आणि झटपट म्हणून मारलेली पायरेथ्रॉइड गटाची औषधं. नावाच्या शेवटी "मेथ्रिन" येणारी बहुतेक यातली. यांनी माशी त्या दिवशी पडलेली दिसते, पण तिला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा आणि तिच्या पिल्लांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आधी मरतात. मग माशी पहिल्यापेक्षा जास्त होते. माशी डोळ्यांसमोर असेल तर हा गट बाजूला ठेवा.

चौथं, तेच औषध परत परत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड ही नावं तीन, पण गट एकच, म्हणजे माशी मारायची पद्धत एकच. ती आलटून पालटून मारली म्हणजे बदल केला असं होत नाही. लेबलावर गटाचा आकडा छापलेला असतो का बघा, नसेल तर रयत संपर्क केंद्रात (सरकारी शेती कार्यालयात) विचारा. तिथली पत्रकं कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसतील तर लाजू नका, बाटली घेऊन जा आणि तोंडी विचारा. कन्नडमध्ये "बिळी नोणा" म्हटलं की त्यांना कळतं.

मी आता काय करतो

टोमॅटो-मिरचीची तरू उघड्यावर टाकत नाही. चाळीस-पन्नास मेशची (इंचाला तेवढी छिद्रं असलेली) नायलॉन जाळी, चारी बाजूंनी मातीत पुरलेली, रोप शेतात जाईपर्यंत. बाहेरून रोप घेत असाल तर ट्रे उचलण्याआधी दोन-चार रोपांची पानं उलटून बघा. रोपवाटिकेची जाळी फाटलेली असेल तर दर कितीही कमी असू दे, परत या.

लावणीच्या पंधरा-वीस दिवस आधी शेताच्या कडेनं मक्याच्या किंवा जोंधळ्याच्या दोन-तीन दाट ओळी. माशी वाऱ्याबरोबर, जमिनीलगत येते, या ओळींना अडते. जनावरांना वैरणही होते, त्यामुळे घरचे कुणी कुरकुर करत नाहीत. बांधावरचं गाजर गवत, रानभेंडी, आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपं लावणीच्या आधी काढायची. पीक लागल्यावर नाही. उशिरा काढलं की त्यावरची माशी आपल्याच पिकात येते.

पिवळे चिकट सापळे लावतो, पण माशी संपवायला नाही, ती कधी आणि कुठल्या बाजूनं येते ते कळायला. माझ्याकडं पूर्वेच्या कडेचा सापळा सगळ्यात आधी भरतो. पलीकडं वांगी आहेत.

पहिली फवारणी निंबोळी अर्काची: पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यानं गाळून, शंभर लिटर करायची, थोडा साबण घालून. ताजाच वापरायचा. यानं माशी धडाधड पडत नाही, पण तिचं अंडी घालणं आणि पिल्लांची वाढ रोखली जाते. पिल्लं जास्त दिसली तर पिल्लांवर चालणारं औषध, जसं पायरिप्रॉक्सिफेन किंवा स्पायरोमेसिफेन. प्रौढ फार असतील तर डायफेन्थियुरॉन किंवा फ्लोनिकामिडसारखं. यातलं प्रत्येक औषध प्रत्येक पिकाला मंजूर नाही. लेबलावर आपलं पीक आणि पांढरी माशी दोन्ही छापलेली असतील तरच घ्या, आणि भाजीला तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथंच लिहिलेलं असतं. दोन फवारण्यांत गट बदला.

शेजाऱ्याशी बोलायला मला सगळ्यात जास्त जड गेलं. "काका, वांगी काढणार असाल तर आदल्या दिवशी सांगा" एवढंच. आता ते सांगतात. मग त्यांनी बागेवर एक फवारणी करायची, दुसऱ्या दिवशी पहाटे माश्या गारठलेल्या असताना झाडं उपटून लगेच गाडायची. हे ठरल्यापासून माझ्या फवारण्या निम्म्यावर आल्यात.

रोगट झाडं दिसली की काय करायचं, हे वयावर ठरवा. लावणीनंतर पहिल्या महिन्यात बोकड्या आलेलं टोमॅटोचं झाड सकाळी लवकर, वरून पोतं घालून उपटा, नाहीतर त्यावरची माशी शेजारच्या झाडावर जाते. जागा रिकामी राहिली तरी चालेल. पण साठ दिवसांनंतर फक्त शेंडा मुरडला असेल तर ते झाड ठेवा, खालची फळं पोसतात आणि दोन-तीन तोडे मिळतात.